कोम्पोर्तामिएन्तो

कोम्पोर्तामिएन्तो : वागणूक, वर्तन या अर्थाचे स्पॅनिश नाम, पुल्लिंगी. उच्चारात जोर ‘मिएन्’वर येतो. ‘कोम्पोर्तार्से’ (वागणे) या क्रियापदाच्या धातूला ‘-मिएन्तो’ हा प्रत्यय लागून शब्द सिद्ध होतो. ‘पेन्सार’पासून ‘पेन्सामिएन्तो’ (विचार) किंवा ‘मोवेर’पासून ‘मोविमिएन्तो’ (हालचाल) होतो तसाच. गोव्यात जिची छाप राहिली त्या पोर्तुगीज भाषेत याचे जुळे भावंड ‘कोम्पोर्तामेन्तु’ आहे.

मूळ लॅटिन क्रियापद ‘कोम्पोर्तारे’, म्हणजे एकत्र वाहून आणणे. स्पॅनिश ‘कोम्पोर्तार्से’तला शेवटचा ‘से’ काढून नुसते ‘कोम्पोर्तार’ म्हटले की हे ओझे अजून जाणवते: एखादी योजना धोके ‘कोम्पोर्ता’ करते, म्हणजे ते सोबत घेऊनच येते. ‘से’ लागला की माणूस स्वतःलाच वाहतो, आणि त्याचा अर्थ वागणे. मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. आपण ओझे वागवतो, सुनेला लेकीसारखे वागवतो आणि स्वतः वागतो. दोन्हीकडच्या शब्दांचे कूळ निराळे, अर्थाची वाट मात्र एकच.

याच अर्थाचा दुसरा शब्द ‘कोन्दुक्ता’. तो ‘कोन्दुसिर’ (नेणे, हाकणे, स्पेनमध्ये गाडी चालवणे) याच्याशी नात्याने जोडलेला आहे, इथेही मराठीतली ‘चालवणे’ आणि ‘चालचलणूक’ ही जोडी आठवते. मेक्सिकोत एकेकाळी खाणीतली चांदी पहाऱ्यात बंदरापर्यंत पोचवणाऱ्या तांड्यालाही ‘कोन्दुक्ता’च म्हणत.

कोश हे दोन शब्द जवळजवळ समानार्थी देतात, पण वापरात फरक पडतो. उष्णतेत पोलाद कसे वागते, बाजारात किमती कशा वागतात, मुंग्या कशा वागतात, तिथे ‘कोम्पोर्तामिएन्तो’ सहज बसतो. पोलादाला ‘कोन्दुक्ता’ लावली तर ऐकणारा हसेल, कारण या शब्दात कोणीतरी पारखून पाहत असल्याचा भाव आहे. म्हणून ‘बुएना कोन्दुक्ता’ (चांगली वर्तणूक) असेल तर कैद्याला शिक्षेत सूट मिळते, संस्थांची आचारसंहिता ‘कोदिगो दे कोन्दुक्ता’ असते, आणि चालचलणुकीच्या दाखल्यावरही हाच शब्द असतो. प्राण्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही शब्द चालतात. मानसशास्त्रातल्या वर्तनवादाचे रूढ नाव ‘कोन्दुक्तिस्मो’ आहे.

घरात हे दोन्ही शब्द जडच. तिथे चालते ते ‘पोर्तार्से’, अर्थ तोच, वागणे. आई मुलाला म्हणते ते ‘पोर्ताते बिएन’, नीट वाग. स्पेनमध्ये यातला जोर ‘पोर्’वर असतो, अर्जेंटिनात ‘तू’साठी ‘वोस’ या सर्वनामाची रूपे चालत असल्याने तो ‘ता’वर सरकतो, आणि या एवढ्याशा हुकुमावरून बोलणारा कुठला ते कळते. ‘कोम्पोर्ताते’ त्याहून कडक, चारचौघांत दटावताना वापरायचा. अनोळखी किंवा मानाच्या माणसाला ‘उस्तेद’ म्हणायचे असेल तर ‘कोम्पोर्तेसे’. असे बोलायची वेळ आली म्हणजे प्रकरण बरेच हाताबाहेर गेलेले असते.

स्पेनमध्ये 6 जानेवारीला बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे मुलांसाठी भेटी आणतात अशी समजूत आहे. जी मुले वर्षभर नीट वागली नाहीत त्यांच्या वाट्याला कोळसा. हल्ली तो मिठाईवाल्याकडे मिळणारा, साखरेचा, काळा रंग दिलेला असतो; त्यामुळे शिक्षेची धार फारशी उरलेली नाही.

‘पोर्तार्से’ची एक खुबी ‘कोम्पोर्तार्से’त नाही. चांगले-वाईट काहीच न जोडता ‘से पोर्तो’ म्हटले, तर त्याचा अर्थ नुसता ‘तो वागला’ असा राहत नाही. अडचणीत पैसे देणाऱ्या, रात्री अपरात्री धावून येणाऱ्या मित्राबद्दल हे म्हणतात: वेळेला उभा राहिला.