व्यवसाय-सॉफ्टवेअर बदलाचे नियोजन

कंपनीची खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, ते बदलण्याची पूर्वतयारी. खानदेशात हा प्रश्न डाळ मिल, जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणे), पीव्हीसी पाइप आणि चटई कारखान्यांत वारंवार येतो. नव्वदच्या दशकातल्या फॉक्सप्रो या डेटाबेस-सॉफ्टवेअरवर बांधलेल्या प्रणाली काही ठिकाणी बराच काळ टिकल्या आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर त्यांनाच ठिगळे लावून काम चालवले गेले.

सुरुवात विक्रेत्याच्या डेमोपासून केली की काम उलटे पडते. आधी आठवडाभर गेट, वजनकाटा, गोडाऊन आणि ऑफिसात बसून रोजचा व्यवहार जसा होतो तसा लिहून काढावा. कट्टी (मालाच्या वजनातली कपात), हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी), बारदानाची वजावट आणि ओलाव्यामुळे येणारी घट हे बरेचदा सॉफ्टवेअरमध्ये नसतेच. ते दिवाणजींच्या डायरीत किंवा एक्सेलमध्ये असते. डायरी पाहिल्याशिवाय काढलेली गरजांची यादी अपुरी राहते.

सर्वात जास्त वेळ वजनाच्या हिशेबाला द्यावा. जिनिंगमध्ये कापूस क्विंटलमध्ये येतो, रुईचा भाव खंडीवर ठरतो (१ खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो) आणि माल सुमारे १७० किलोच्या गाठीत जातो. १०० क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ क्विंटल रुई, म्हणजे १९-२० गाठी निघतात; उरलेली सरकी आणि घट. एका कच्च्या मालातून अनेक माल निघतात, हे न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरकीचा साठा कुठून आला हेच कळत नाही. डाळ मिलमध्ये चुनी (डाळीचा बारीक चुरा) आणि भुशाचे तेच होते. म्हणून विक्रेत्याकडून त्याच्या नमुना माहितीवर नव्हे, तर आपल्याच एका गाडीच्या काटा पावतीवर, भरलेली गाडी ते विक्री बिलापर्यंत, पूर्ण डेमो करून घ्यावा.

कायद्याच्या गरजा निवडीआधीच तपासाव्यात. शेतकऱ्याकडून कापूस घेताना जीएसटी खरेदीदाराने भरायचा असतो. उलाढाल ५ कोटींवर असल्यास १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) लागते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे आहे. बिल क्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. नव्या प्रणालीत शाखा, वर्ष आणि हंगाम जोडताना इथेच चूक होते.

माहिती हलवताना खातेदारांची यादी घाम काढते. एकाच गावात एकाच नावाचे तीन-चार पाटील किंवा चौधरी असतात आणि जुन्या टंकलेखनात तेच नाव वेगवेगळ्या पद्धतीने उतरलेले असते. नावावरून खाती जुळवू नयेत. गाव, मोबाइल आणि बँक खाते पाहून प्रत्येकाला नवा क्रमांक द्यावा. जुन्या मराठी फॉण्टमधली नावे युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत) नेताना जोडाक्षरे मोडतात, त्यामुळे ती डोळ्यांनी वाचून तपासावी लागतात. उघडी बिले, येणे-देणे आणि प्रत्यक्ष मोजलेला साठा एवढेच नव्यात न्यावे. दहा वर्षांचे सारे व्यवहार ओढत नेऊ नयेत. स्थलांतराची रंगीत तालीम किमान दोनदा करावी आणि दर वेळी ताळेबंद पैशापर्यंत जुळवावा.

नवी प्रणाली सुरू करण्याच्या तारखेवरून वाद होतात. सी.ए. बहुधा १ एप्रिल सुचवतात. जिनिंगला ती सोयीची पडते, कारण तेव्हा हंगाम ओसरलेला असतो. डाळ मिलमध्ये मात्र तेव्हा तूर-हरभऱ्याची आवक जोरात असते, गोडाऊन भरलेले असते आणि साठा मोजायला माणूस मिळत नाही. तिथे पावसाळ्यातली एखादी महिनाअखेर बरी. त्यासाठी वर्षाच्या मध्यापासूनच्या आरंभीच्या शिलका चढवाव्या लागतात. थोडे जास्त काम, पण मोजणी खरी होते. बदलाच्या तारखेआधी महिनाभर जुनी-नवी दोन्ही प्रणाली बरोबरीने चालवाव्यात. त्या महिन्यात काटेवाल्याला दुहेरी नोंद करावी लागते, त्यामुळे एक जादा माणूस द्यावाच; नाही दिला तर आठवडाभरात दोनपैकी एक नोंद रात्री अंदाजाने भरली जाऊ लागते.

जुनी प्रणाली लगेच पुसू नये. कंपनीला हिशेबाची पुस्तके किमान ८ वर्षे जपावी लागतात. जुन्या लेजरचे पीडीएफ काढून दोन ठिकाणी ठेवावेत. प्रणाली डोंगलवर (संगणकाला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर न उघडणारी किल्ली) चालत असेल तर तो डोंगल आणि चालू स्थितीतला एक संगणक कपाटात कुलूपबंद ठेवावा.