पुनरुत्पादनक्षम संशोधनाची सॉफ्टवेअर साधने

शोधनिबंधात छापलेले आकडे, तक्ते व आलेख मूळ विदा (डेटा) आणि मूळ आज्ञावली (प्रोग्रॅम) घेऊन दुसऱ्या संशोधकालाही पुन्हा काढता यावेत, यासाठी वापरली जाणारी संगणकीय साधने. आज्ञावलीतील बदलांची नोंद ठेवणारे गिट, मजकूर व गणित एकाच दस्तऐवजात गुंफणारे ज्युपिटर व निटर, पायऱ्यांचा क्रम सांभाळणारे मेक व स्नेकमेक, आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बांधून ठेवणारे काँडा, डॉकर व गीक्स ही त्यांपैकी प्रमुख होत.

या विचाराचे श्रेय बहुतेक लेखक स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूभौतिकीविज्ञ जॉन क्लेअरबाउट यांना देतात. त्यांच्या गटातील विद्यार्थी शिकून बाहेर पडला की त्याच्या प्रबंधातील आकृती मागे राहिलेल्यांना काढता येत नसे. म्हणून साधारण १९९० च्या सुमारास प्रत्येक आकृतीमागची आज्ञावली प्रबंधासोबत जोडण्याची शिस्त गटाने लावून घेतली. १९९२ मध्ये क्लेअरबाउट व मार्टिन कारेनबाख यांनी ती भूभौतिकीच्या अभ्यासकांपुढे मांडली. सहज पुन्हा निघणाऱ्या, काही अटींवर निघणाऱ्या आणि पुन्हा न निघणाऱ्या, अशी आकृत्यांची वर्गवारीही याच गटाची. दुसरे मत हा धागा आणखी मागे नेते. डोनल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये आज्ञावली आणि तिचे विवरण एकत्र लिहिण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती, आणि मेक हे साधन स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्येच तयार केले होते. मात्र क्नूथ यांचा रोख आज्ञावली माणसाला वाचता यावी यावर होता. प्रसिद्ध निष्कर्ष पडताळणे हा त्यांचा विषय नव्हता. साधने आधीची आणि शिस्त नंतरची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. संख्याशास्त्रात हा विचार १९९५ मध्ये जोनाथन बकहाइट व डेव्हिड डोनोहो यांच्या लेखनातून रुजला. पुढे आर भाषेसाठी स्वीव्ह (२००२) व निटर, पायथॉनसाठी आयपायथॉन नोटबुक (२०११) व त्यातून ज्युपिटर (२०१४) आले.

व्याख्येबाबतही एकवाक्यता उशिरा झाली. त्याच विदेवर तीच आज्ञावली चालवणे आणि नवी विदा गोळा करून निष्कर्ष तपासणे, या दोन गोष्टींची नावे (इंग्रजीत रिप्रोड्युसिबिलिटी व रेप्लिकेबिलिटी) अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम या संघटनेने २०१६ मध्ये इतरांच्या नेमकी उलट ठरवली होती. २०२० मध्ये तिने ती बदलली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींचा २०१९ चा अहवाल पहिल्या गोष्टीलाच पुनरुत्पादन म्हणतो. येथे तोच अर्थ घेतला आहे.

तीच विदा, तीच आज्ञावली, तरी उत्तर वेगळे, असे का होते याची कारणे बारीक आहेत. कापसाच्या वाणांच्या चाचणीत वाफ्यांचे यादृच्छिक वाटप संगणकाने केले आणि बीजांक (यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा) नोंदवून ठेवला, तर तीच मांडणी केव्हाही परत मिळावी अशी अपेक्षा असते. परंतु २०१९ मध्ये आलेल्या आर ३.६.० या आवृत्तीत नमुना निवडण्याची मूळ रीतच बदलली. आधीच्या रीतीत, विशेषतः समष्टी (ज्यातून निवड करायची तो पूर्ण संच) फार मोठी असताना, निवड किंचित असमान होई. सुधारणा योग्यच होती, पण जुना बीजांक नव्या आवृत्तीत वेगळी मांडणी देऊ लागला. जुनी रीत अजून मागून घेता येते. त्यासाठी चाचणी कोणत्या आवृत्तीवर आखली होती हे लिहून ठेवलेले असावे लागते. दशांश संख्यांचे गणितही असेच आहे. संगणकातील बेरीज क्रमावर अवलंबून असते; अनेक गाभ्यांच्या (कोअर) प्रक्रियकावर (प्रोसेसर) क्रम बदलला की शेवटचे अंक हलतात, आणि भूजलाच्या प्रतिमानासारख्या (मॉडेल) हजारो फेऱ्यांच्या गणितात हा फरक वाढत जाऊ शकतो. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० पासून थांबला, त्यामुळे त्यातील कित्येक आज्ञावल्या दुरुस्तीशिवाय नव्या संगणकावर चालत नाहीत.

नागपूरच्या दृष्टीने हा विषय जिव्हाळ्याचा आहे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (१९५८, आजचे नाव १९७४ पासून), केंद्रीय कापूस संशोधन संस्था (१९७६), राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, तसेच विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था व विद्यापीठ येथे आहेत. माती, पाणी, हवा आणि पीक यांची विदा अनेक हंगाम जमवावी लागते; तेवढ्या काळात संगणक आणि सॉफ्टवेअर दोन्ही बदलून जातात. त्यात स्थानिक अडचणींची भर पडते. युनिकोडपूर्व कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टंकलेली गावांची नावे तो फाँट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतात. ‘०५/०७’ अशी लिहिलेली पेरणीची तारीख अमेरिकी मांडणीच्या संगणकावर ५ जुलैऐवजी ७ मे अशी वाचली जाते, आणि विदर्भातील कोरडवाहू कापूस पावसाच्या महिनाभर आधीच पेरला गेल्याचे दिसते. असा दोष कोणत्याही डॉकरने निघत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी, नावे युनिकोडमध्ये ठेवावीत, आणि मूळ फाइल न बदलता प्रत्येक दुरुस्ती आज्ञावलीतून करावी, हे त्यावरचे उपाय.

साधने फुकट असणे आणि शास्त्रज्ञाच्या हाती येणे यांत बरेच अंतर आहे. डॉकर (२०१३) बसवायला साधारणपणे संगणकाचे प्रशासकीय अधिकार लागतात, आणि कार्यालयातील संगणकावर ते संशोधकाकडे बहुधा नसतात. सिंग्युलॅरिटी (२०१५, आताचे नाव अॅपटेनर) सामायिक महासंगणकांवर अशा अधिकारांशिवाय चालावे म्हणूनच बनवले गेले. बाइंडर व कोलॅब ही साधने ब्राउझरमध्ये उघडतात, काही बसवावे लागत नाही; पण त्यांना सलग इंटरनेट लागते आणि काही काळ वापर थांबला की सत्र बंद होते. डॉकरच्या प्रतिमा (सॉफ्टवेअर व त्याचे घटक एकत्र बांधलेल्या फायली) पुनरुत्पादनाला पुरेशा आहेत की त्या केवळ बांधलेले गाठोडे आहेत, यावर तज्ज्ञांत दुमत आहे. निक्स व गीक्स यांचे समर्थक प्रत्येक घटक मूळ संहितेपासून (सोर्स कोड) पुन्हा बांधता आला पाहिजे, असे म्हणतात. तत्त्व म्हणून हे मत अधिक भक्कम. पण कृषी वा पर्यावरण शास्त्रज्ञासाठी पहिली पायरी म्हणून आवृत्त्यांची साधी यादी, क्रमांकित आज्ञावल्या आणि त्या कशा चालवाव्यात याचे मराठीत लिहिलेले एक पान अधिक उपयोगी पडते. दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याने ते पान वाचून, लेखकाला न विचारता, पहिला आलेख काढून पाहावा. कुठे अडते ते तासाभरात कळते.

शिक्षणाच्या बाजूने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे मराठी आवाजातील धडे आहेत. जतनासाठी सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेतील झेनोडो (२०१३) आज्ञावलीच्या ठरावीक आवृत्तीला कायम ओळखक्रमांक देते, तर फ्रान्समधील सॉफ्टवेअर हेरिटेज (२०१६) सार्वजनिक संहितांच्या प्रती स्वतःकडे साठवते. त्यामुळे मूळ लेखकाने आपली संकेतस्थळावरील जागा बंद केली तरी निबंधात उल्लेखलेली आज्ञावली मिळू शकते.