डेज ऑफ फ्युचर पास्ड

डेज ऑफ फ्युचर पास्ड हा मूडी ब्लूज या इंग्लिश बँडचा नोव्हेंबर १९६७ मध्ये आलेला अल्बम. रॉक बँड आणि ऑर्केस्ट्रा एकत्र आणणाऱ्या सुरुवातीच्या प्रयोगांमध्ये याचं नाव असतंच, आणि प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, लोक ज्याला नुसतं प्रोग म्हणतात ते, नक्की कुठून सुरू झालं या वादात तर हमखास निघतं. ऑर्केस्ट्रा म्हणजे इथे गणपतीतला हिंदी गाण्यांचा स्टेज शो नव्हे बरं का, व्हायोलिन-चेलो घेऊन बसलेला पाश्चात्य वाद्यवृंद.

बँड मूळचा बर्मिंगहॅमचा, १९६४ साली सुरू झालेला. १९६५ च्या सुरुवातीला 'गो नाऊ' हे गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं आणि त्यानंतर तसं मोठं काही हातालाच लागेना. १९६६ मध्ये गायक डेनी लेन आणि बास वाजवणारा क्लिंट वॉरविक दोघंही बँड सोडून गेले, त्यांच्या जागी जस्टिन हेवर्ड (गिटार) आणि जॉन लॉज (बास) आले. माइक पिंडर कीबोर्डवर, रे थॉमस बासरीवर आणि ग्रॅम एज ड्रमवर हे आधीपासूनचेच.

अल्बम कसा झाला याची एक कथा सगळीकडे सांगितली जाते. डेक्का या रेकॉर्ड कंपनीला डेराम या आपल्या नव्या लेबलसाठी स्टिरिओची कमाल दाखवणारी रेकॉर्ड हवी होती, बँडवर कंपनीचं कर्ज होतं, म्हणून त्यांना ड्वोरझाक या चेक संगीतकाराच्या न्यू वर्ल्ड सिंफनीची रॉक आवृत्ती करायला सांगितलं आणि या पोरांनी गुपचूप स्वतःचीच गाणी रेकॉर्ड केली. कथा झकास आहे, पण रेकॉर्डिंग करणारे इंजिनिअर डेरेक वार्नल्स यांनी ती साफ नाकारलीय.

कल्पना साधी आहे, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस. आपल्याला रागांच्या प्रहरांची सवय असल्याने यात नवल वाटत नाही, फक्त इथलं घड्याळ नोकरदार माणसाचं आहे, मध्ये चक्क लंच ब्रेक आहे आणि लॉजचं 'पीक अवर' तिथेच धडधडत येतं. सात ट्रॅक, साधारण ४१ मिनिटं. सुरुवातीला आणि शेवटी एजने लिहिलेल्या कविता आहेत, त्या म्हटल्यात मात्र पिंडरने. (शेवटची कविता काहींना भारी वाटते काहींना जरा जास्तच नाटकी, मला दोन्ही वाटतं, मूडवर आहे.)

आता खरी गंमत. बँड आणि ऑर्केस्ट्रा यांचा संगम म्हणून गाजलेल्या या रेकॉर्डवर दोघं बहुतेक वेळ एकत्र वाजतच नाहीत! डेक्काच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या स्टुडिओत बँडने आधी आपली गाणी पूर्ण केली, मग ऑर्केस्ट्राचे संयोजक पीटर नाइट यांनी त्याच गाण्यांच्या चालींवरून मधले दुवे लिहिले आणि ते ऑर्केस्ट्राकडून एकाच सेशनमध्ये वाजवून घेतले. कव्हरवर लंडन फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा असं भारदस्त नाव आहे, पण ते डेक्काने सेशनसाठी जमवलेल्या वादकांना दिलेलं नाव. निर्माता टोनी क्लार्क यांच्यासमोर काम होतं ते हे सगळं असं जोडायचं की शिवण दिसू नये, आणि तरी नीट कान देऊन ऐकलं तर दिसतेच, नाइट यांचे दुवे कधीकधी जुन्या सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखे गोडगोड होतात आणि गाणं सुरू झालं की हवा एकदम बदलते.

मग गाण्यांच्या आत जे व्हायोलिनसारखं ऐकू येतं ते काय? ते मेलोट्रॉन. पेटीसारखी पट्टी दाबायची, की आत टेपचा तुकडा फिरतो आणि त्यावर आधीच रेकॉर्ड केलेला खऱ्या वाद्याचा सूर वाजतो, तोही आठेक सेकंदच, मग बोट उचलायचं आणि टेप मागे जाऊ द्यायची. पिंडर बँडच्या आधी हे यंत्र बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या स्ट्रीटली इलेक्ट्रॉनिक्समध्येच कामाला होता, त्यामुळे त्याची नस न नस त्याला माहीत. म्हणूनच माझ्या मते या अल्बमचा खरा ऑर्केस्ट्रा पिंडरच्या बोटांखाली आहे, पुढे किंग क्रिमसनसारख्या बँडनी उचललं तेही मेलोट्रॉनच. बँड आणि ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष एका स्टेजवर समोरासमोर ऐकायचे असतील तर डीप पर्पलने १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिकबरोबर केलेला कार्यक्रम ऐकावा.

शेवटचं गाणं 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' हेवर्डने एकोणिसाव्या वर्षी लिहिलं. मैत्रिणीने सॅटिनच्या चादरी भेट दिल्या होत्या, नाव त्यावरून. १९६७ मध्ये ते ब्रिटनमध्ये जेमतेम १९ नंबरपर्यंत गेलं, पण १९७२ मध्ये अमेरिकेत पुन्हा आलं तेव्हा बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत थेट दोन नंबर, आणि त्याच्या जोरावर पाच वर्षं जुना अल्बमही तीन नंबरला चढला.

एक भानगड मात्र राहते. मूळ स्टिरिओ मास्टर टेप, म्हणजे जिच्यावरून रेकॉर्ड छापतात ती, खराब झाली म्हणून १९७८ मध्ये अल्बम नव्याने मिक्स केला गेला, म्हणजे वेगवेगळे आवाज पुन्हा जुळवून एकत्र केले गेले, आणि सीडीवर कितीतरी वर्षं लोक तेच ऐकत आले. १९६७ चं मूळ मिक्स सीडीवर आलं ते २०१७ च्या पन्नाशीच्या आवृत्तीत, तोवर ज्याच्याकडे जुनी एलपी होती त्यानेच ते ऐकलेलं.