पुसलेल्या हार्ड डिस्कवरील माहितीची पुनर्प्राप्ती

चुकून डिलीट झालेल्या फाइली किंवा फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कवरील मजकूर, त्याच्या जागी दुसरे काही लिहिले जाण्यापूर्वी, शोधून बाहेर काढण्याच्या कामाला पुनर्प्राप्ती म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात ‘रिकव्हरी’ किंवा ‘डेटा काढून देणे’ हेच शब्द चालतात. लग्नाचे फोटो सांभाळणारे स्टुडिओ आणि पत्रिका, अहवाल, स्मरणिका जुळवणारे डीटीपीवाले यांच्याकडे बहुतेकदा एकाच डिस्कवर सगळे काम साठलेले असते, त्यामुळे या चुकीचा फटका त्यांना विशेष बसतो.

फाइल डिलीट केली म्हणजे तिच्यातला मजकूर खोडला जात नाही. ती डिस्कवर कुठे आहे याची नोंद तेवढी रद्द होते आणि तिने व्यापलेली जागा मोकळी मानली जाते. उताऱ्यावरचे नाव कमी झाले म्हणून शेत जागचे हलत नाही, तसाच हा प्रकार आहे. धोका असतो तो दुसऱ्या कुणी त्या रानात नांगर घालण्याचा. ही नोंद रद्द करण्याची रीत प्रत्येक फाइल व्यवस्थेत, म्हणजे डिस्कवर फाइलींची नोंद ठेवण्याच्या पद्धतीत, वेगळी असते. पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डे यांवरील फॅट व्यवस्थेत नोंदीच्या पहिल्या बाइटच्या जागी ‘ई५’ हा संकेत लिहिला जातो, म्हणून परत मिळालेल्या आखूड नावाच्या फाइलीचे पहिले अक्षर बऱ्याचदा गेलेले असते. विंडोजच्या एनटीएफएस व्यवस्थेत नोंदीवर ‘वापरात नाही’ एवढीच खूण होते, नाव आणि पत्ता काही काळ तसाच राहतो, आणि त्यामुळे तेथे यश पुष्कळदा मिळते. लिनक्सवरील ईएक्सटी४ मात्र पत्तेच पुसून टाकते. तेथे काम अवघड होते.

फॉरमॅटचेही दोन प्रकार आहेत. झटपट फॉरमॅटमध्ये नोंदवही तेवढी नवी होते आणि जुना मजकूर बहुतांशी जागेवर राहतो. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज व्हिस्टापासून डिस्कवर सर्वत्र शून्ये लिहिली जातात, त्यानंतर काढण्यासारखे काही उरत नाही. ‘फॉरमॅट झाली’ एवढ्याच निरोपावर दर सांगणाऱ्यापेक्षा, फॉरमॅट व्हायला किती वेळ लागला हे आधी विचारणारा कारागीर अधिक भरवशाचा समजावा: काही सेकंदांत उरकले असेल तर आशा आहे, काही तास लागले असतील तर नाही.

पुसलेली फाइल परत आणण्याची सोय जुनी आहे. पीटर नॉर्टन यांच्या १९८२ च्या ‘नॉर्टन युटिलिटीज’ या सॉफ्टवेअर संचात ती होती आणि १९९१ च्या एमएस-डॉस ५.० मध्ये ‘अनडिलीट’ ही आज्ञाच आली. आज टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही मोफत साधने सर्रास वापरली जातात. पहिले हरवलेले पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र विभाग) शोधते, दुसरे नोंदवहीकडे न पाहता थेट मजकुरातून फाइली ओळखते.

चूक लक्षात आल्यावर त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू न देणे हे सर्वांत महत्त्वाचे. माहिती जाते ती बहुधा डिलीट करताना नव्हे, तर त्यानंतरच्या घाईत: रिकव्हरीचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेतले जाते, किंवा सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर साठवल्या जातात. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी, तिची सेक्टरनिहाय, म्हणजे मोकळ्या मानलेल्या जागेसकट प्रत्येक कप्प्याची, पूर्ण प्रत घ्यावी आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. दोन टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने वाचली तरी साडेपाच तास लागतात. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला मध्येच वीज गेली तर हा सारा वेळ वाया जाऊ शकतो. डीडीरेस्क्यू हे साधन कोणता भाग वाचून झाला याचा नकाशा वेगळ्या फाइलीत ठेवते, त्यामुळे वीज आल्यावर काम थांबले तेथूनच पुढे नेता येते.

फोटोरेकची शोधाची पद्धत साधी आहे. प्रत्येक जेपीईजी चित्राची सुरुवात ‘एफएफ डी८’ या दोन बाइटांनी आणि शेवट ‘एफएफ डी९’ यांनी होतो. पीडीएफच्या आरंभी टक्केचिन्ह आणि तीन अक्षरे असतात. अशी खूण सापडली की तेथून पुढचा मजकूर फाइल म्हणून उचलला जातो. फाइल सलग नसेल, तिचे तुकडे डिस्कभर विखुरलेले असतील, तर मात्र ही पद्धत अडते: वरात अर्ध्यापर्यंत दिसते आणि खाली करडा पट्टा उरतो. शिवाय नावे आणि फोल्डर परत येत नाहीत. ‘एफ’ आणि पुढे आकडे अशा नावांच्या हजारो फाइली मिळतात, आणि त्यांतून एका लग्नाचे फोटो वेगळे काढायला चित्रात साठवलेली तारीखच काय ती कामी येते.

फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीची गोष्ट वेगळी. विंडोज ७ पासून (२००९) डिलीट होताच ‘ट्रिम’ ही आज्ञा जाते आणि डिस्क ती जागा आपणहून साफ करून ठेवते, म्हणून तेथे यश क्वचितच मिळते. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरही, एकदा नवा मजकूर लिहिला गेला की खालचा जुना एखाद्या खास यंत्राने वाचता येतो ही समजूत खरी नाही. माहिती कायमची पुसण्यासाठी संगणकतज्ज्ञ पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये सुचवलेली ३५ वेळा वरून लिहिण्याची पद्धत त्या काळच्या डिस्कांसाठी होती. आजच्या डिस्कवर एकदा लिहिणेही साधारणतः पुरते. टकटक आवाज करणारी डिस्क हा तर वेगळाच बिघाड. तबकडीवरचे वाचणारे-लिहिणारे हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असल्याने ती दुकानातल्या टेबलावर उघडू नये. अशी डिस्क पुण्याच्या किंवा बेंगळूरच्या धूळमुक्त प्रयोगशाळेत पाठवावी लागते.

सीमाभागात फाइल परत मिळाली तरी काम संपत नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतपद्धत रुळण्यापूर्वीचा मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती यांसारख्या फाँटांत जुळवलेला आहे, आणि त्याच संगणकावर कन्नड कामासाठी नुडी हे कन्नड टंकनाचे सॉफ्टवेअरही असे. या फाँटांत अक्षरे इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेली असल्याने एकच संकेत मराठी फाँटमध्ये एक अक्षर दाखवतो आणि कन्नडमध्ये दुसरेच. पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरची पूर्ण फाइल हाती आली तर फाँटचे नाव तिच्यातच असते. नुसता मजकुराचा तुकडा सापडला तर तो मराठी की कन्नड हेही प्रथमदर्शनी कळत नाही, समोर मात्रा लावलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते. अशा तुकड्यांत ‘बेळगाव’ हा शब्द देवनागरीत टंकून शोधला तर काहीच मिळत नाही. तो आधी त्या फाँटच्या संकेतांत बदलून घ्यावा लागतो, आणि मजकूर २०१४ नंतरचा असेल तर ‘बेळगावी’ हे सरकारी नाव कन्नड फाँटच्या संकेतांतही शोधावे लागते. म्हणून फाइलींच्या आधी त्याच डिस्कवरून विंडोजचे फाँटचे फोल्डर काढून घेणे शहाणपणाचे ठरते.