व्हिक्टोरियन वर्कहाउसमधील दीर्घकालीन रहिवासी

इंग्लंड व वेल्समधील सरकारी गरीबगृहांत (वर्कहाउस) वर्षानुवर्षे, पुष्कळदा मरेपर्यंत, राहिलेली माणसे. १८३४ च्या सुधारित दारिद्र्य कायद्याने गावोगावच्या पॅरिशांचे (चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या स्थानिक विभागांचे) संघ करून प्रत्येक संघाला वर्कहाउस चालवायला लावले. तिथले जगणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्याहून खडतर असावे, म्हणजे धडधाकट माणूस आत यायला कचरेल, असा हिशेब होता. तो बऱ्याच अंशी जमलाही. धडधाकट माणसे हंगामापुरती येत आणि निघून जात. मागे उरत ती वेगळीच माणसे.

१८६१ मध्ये पार्लमेंटने सलग पाच वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या प्रौढांची नावनिशीवार यादी मागवली. वर्कहाउसमधील प्रौढांत अशा कायम आश्रितांचे प्रमाण २० टक्क्यांहून जास्त निघाले. प्रत्येक नावापुढे कारण नोंदवायचे होते: वार्धक्य, अंधत्व, फेफरे, ‘दुबळी बुद्धी’. आळशीपणा शोधायला निघालेल्यांच्या हाती आजारपणाची यादी लागली, असेच म्हणावे लागते.

दार कायद्याने बंद नव्हते. काही तासांची सूचना देऊन कोणालाही बाहेर पडता येई. फक्त संस्थेचे कपडे अंगावर घेऊन गेल्यास चोरीचा खटला होई. पण जायचे कुठे? घरपोच मदत पालक मंडळाच्या (संघाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या) मर्जीवर होती आणि १८७० नंतर ती कठोरपणे आवळली गेली. मनोरुग्णालयात माणूस ठेवणे वर्कहाउसपेक्षा महाग, म्हणून निरुपद्रवी मनोरुग्ण व मतिमंद इथेच ठेवण्याकडे मंडळांचा कल असे. ग्रामीण भागात वृद्ध स्त्रियांपेक्षा वृद्ध पुरुष जास्त दिसत. म्हातारी नातवंडे सांभाळते, घरकामाला हातभार लावते, म्हणून लेकीसुनांच्या घरी तिला जागा मिळे. थकलेल्या एकट्या शेतमजुराचा तसा उपयोग नव्हता.

काळाबरोबर नियम थोडे सैलावले. १८४७ पासून साठी ओलांडलेल्या जोडप्यांना एकत्र खोली मागता येऊ लागली (मिळेच असे नाही), आणि १८९० च्या दशकात वृद्धांना तंबाखू व चहाची मुभा मिळाली.

१९०८ च्या कायद्याने सत्तरीनंतर आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग निवृत्तिवेतन सुरू झाले. दारिद्र्य कायद्याखाली मदत घेणाऱ्यांना मात्र ते आरंभी नाकारले होते. ही अट उठल्यावर घरपोच मदतीवरचे वृद्ध झपाट्याने कमी झाले. वर्कहाउसमधले तेवढे घटले नाहीत, कारण त्यांतल्या अनेकांना पैशांइतकीच शुश्रूषा करणाऱ्या माणसाची गरज होती.