बालीच्या शॉर्ट फिल्म महोत्सवाला फिल्म पाठवायचीय? पात्रता, कागदपत्रं, व्हिसा

बाली म्हटलं की आपल्याकडे हनिमूनचं पॅकेज आठवतं. पण याच बेटावर दर सप्टेंबरात मिनिकिनो फिल्म वीक हा आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव भरतो. मिनिकिनो ही संस्था २००२ पासून बालीत लघुपटांचं काम करते आहे आणि फिल्म वीक २०१५ पासून सुरू आहे. मुख्य कार्यक्रम राजधानी देनपसारला होतात, पण काही पडदे थेट गावांत जातात. मैदानात खांब रोवून लावलेल्या पडद्याला तिकडे 'लायार तान्चाप' म्हणतात. जत्रेतल्या आपल्या तंबू टॉकीजची ही बहीणच, फक्त तंबू नसलेली. सोबत कार्यशाळा, चर्चा आणि शॉर्ट फिल्म मार्केटही असतं.

प्रक्रियेकडे वळण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. अर्ज दोन आहेत, एक फिल्मचा आणि एक तुमचा. दोघांची कागदपत्रं वेगळी आणि कार्यालयं वेगळी, एकमेकांशी त्यांचा संबंध जवळपास नाही. फिल्म निवडली गेली म्हणून व्हिसा मिळत नाही, आणि तुम्ही गेला नाहीत म्हणून फिल्म दाखवायची थांबत नाही.

फिल्म पात्र आहे का?

दिग्दर्शकाचं वय, शिक्षण, फिल्म इन्स्टिट्यूटची पदवी यातलं काही आड येत नाही. मोबाइलवर शूट केलेली फिल्मही चालते. काल्पनिक, माहितीपट, ॲनिमेशन, प्रायोगिक असे सगळे प्रकार लघुपटांत मोडतात. लांबी मात्र नीट मोजा, आणि ती श्रेयनामावलीसकट मोजा. अर्ध्या तासाच्या वर गेलेली फिल्म लघुपट महोत्सवांत बहुतेक ठिकाणी दारातच अडते. शेवटची तीन मिनिटं मावशी-काकांचे आभार मानण्यात गेली असतील तर ते आभार जरा वेगाने माना. फिल्म कोणत्या तारखेनंतर पूर्ण झालेली हवी, हे त्या वर्षीच्या नियमावलीत दिलेलं असतं. जुनी फिल्म नव्याने एडिट करून तिला नवी तारीख देऊ नका. फिल्म आधी कुठे दाखवली असेल तर त्याच्या नोंदी नेटवर सापडतात.

सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. परदेशी महोत्सवात फिल्म दाखवायला ते लागत नाही. आपल्या सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र भारतातल्या सार्वजनिक प्रदर्शनासाठी असतं. इंडोनेशियाची वयोगटाची पद्धत वेगळी आहे: सर्वांसाठी, १३ वर्षांवरील, १७ वर्षांवरील आणि २१ वर्षांवरील. म्हणून फॉर्ममध्ये हिंसा, नग्नता, शिव्या यांबद्दल विचारलं असेल तर खरं सांगा. गावातल्या मैदानात पहिल्या रांगेत शाळेतली पोरं बसलेली असतात. तुमची फिल्म कोणत्या खेळाला लावायची, हे आयोजक त्या उत्तरावरूनच ठरवतात.

सबटायटल

इंग्रजी सबटायटल नसतील तर पुढचं वाचायची गरजच नाही. असतील, तर ते कोणी केलेत ते विचारतो. मशिनकडून काढून घेतलेले सबटायटल मी बरेच पाहिलेत. आजी दारातून म्हणते, "बस, चहा टाकते." खाली उमटतं, 'आय ॲम थ्रोइंग टी'. मग मुलगी चपला घालता घालता म्हणते, "येते हं," आणि खाली येतं, 'आय ॲम कमिंग'. ती तर निघालेली असते! मराठीत जाताना 'जाते' म्हणत नाहीत, हे मशिनला कोण सांगणार? आणि परदेशातल्या निवड समितीला वाटतं की दिग्दर्शकालाच आपला प्रसंग कळलेला नाही.

म्हणून मराठी आणि इंग्रजी दोन्ही घरच्यासारख्या येणाऱ्या माणसाकडून सबटायटल तपासून घ्या. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत साधारण चाळीसच्या आत अक्षरं, आणि वाचून होईल इतका वेळ पडद्यावर. तीन फाइल तयार ठेवा: सबटायटल चित्रावरच उमटवलेली प्रत, सबटायटलशिवायची कोरी प्रत आणि एसआरटी फाइल, म्हणजे सबटायटलचा मजकूर आणि त्यांच्या वेळा असलेली साधी फाइल. आयोजकांना इंडोनेशियन भाषेत सबटायटल करायचे झाले तर त्यांना या शेवटच्या दोन लागतात.

गाण्याचे कागद

चांगल्या फिल्म इथे अडकतात. आमचीही अडकली होती. पार्श्वभूमीला रेडिओवर वाजणारं बारा सेकंदांचं जुनं गाणं, कोणाच्या लक्षातही येणार नाही असं. कागद मागितला गेला आणि आमच्याकडे तो नव्हता. शेवटी त्या जागी कुकरची शिट्टी टाकली. प्रसंग सुधारला, हा भाग वेगळा.

गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात, हे समजून घ्या. शब्द आणि चाल हा एक हक्क, तो गीतकार-संगीतकाराचा किंवा त्यांनी ज्याला दिला त्याचा. ध्वनिमुद्रण हा दुसरा, तो सहसा रेकॉर्ड कंपनीचा. भारतीय कायद्यात शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ध्वनिमुद्रणाचा ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. आता तुकोबांचा अभंग घ्या. शब्दांवर कोणाचाही हक्क नाही, कोणीही म्हणावा. पण सत्तरच्या दशकात एखाद्या गायकाने गायलेली त्याची रेकॉर्ड फिल्ममध्ये वाजवलीत तर त्या मुद्रणाची परवानगी हवी, आणि चाल कोणी बांधली होती तेही बघायला हवं. तोच अभंग तुमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत म्हणवून घेतलात, स्वतः मुद्रित केलात आणि बुवांची सही घेतलीत, तर प्रश्न मिटला. ओव्या आणि भारुडांचंही तसंच.

'सोशल मीडियावर सगळे वापरतात' हा युक्तिवाद चालत नाही. समाजमाध्यमांच्या ॲपमध्ये मिळणारं संगीत वापरायची मुभा त्या ॲपपुरतीच असते.

बाकीची संमतीपत्रं लवकर होतात. मुख्य कलाकारांची सही घ्या, फिल्ममध्ये लहान मूल असेल तर पालकांची. माहितीपटात ज्यांची मुलाखत आहे त्यांची लेखी संमती ठेवा, आणि लिहिता येत नसेल तर कॅमेऱ्यासमोर नाव सांगून दिलेली संमती. फिल्म महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात केली असेल तर मालकी कोणाची ते आधी बघा. पुष्कळदा ती संस्थेची असते, आणि ना-हरकत पत्राशिवाय अर्ज करता येत नाही.

प्रत्यक्ष अर्ज

लघुपट महोत्सवांचे अर्ज बहुतेक फिल्मफ्रीवे किंवा शॉर्टफिल्मडेपोसारख्या साइटवरून जातात. यंदा कोणती साइट, मुदत कधी, शुल्क किती, हे महोत्सवाच्या अधिकृत पानावरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणारी पोस्टर गेल्या वर्षीची असतात. सप्टेंबरातल्या महोत्सवासाठी वर्ष लागल्यापासूनच त्या पानावर लक्ष ठेवा. शुल्क परकीय चलनात असतं, त्यामुळे डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार चालू केलेले आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये बघा. ते मुळात बंदच असतात, आणि शेवटच्या रात्री पेमेंट अडकण्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण घड्याळ. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. मुदत बालीच्या वेळेनुसार रात्री बाराची असेल तर आपल्याकडे साडेनऊला खेळ खलास! जेवून निवांत बसू आणि पाठवू, असं करू नका.

फॉर्मला लागतं ते हे: पासवर्ड घातलेली फिल्मची लिंक, इंग्रजीत छोटा सारांश, दिग्दर्शकाची ओळख आणि फोटो, फिल्ममधली दोन-तीन मोठ्या आकाराची स्थिरचित्रं, संपूर्ण श्रेयनामावली. लिंकचा पासवर्ड निकाल लागेपर्यंत बदलू नका. सारांशात 'समाजातील विदारक वास्तवावर भाष्य' वगैरे लिहू नका. कोण, कुठे, काय करतो एवढं पुरे. दिग्दर्शकाचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगमध्ये आणि पासपोर्टवर आहे तसंच लिहा. पुढे निमंत्रणपत्र हवं असेल तर ते याच नावाने येतं.

निवड झाल्यावर

निवडीचं पत्र आलं की प्रदर्शनाची प्रत मागतात, डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरवर लावायची खास डिजिटल प्रत) किंवा चांगल्या दर्जाची डिजिटल फाइल. मोबाइलवर शूट केलेल्यांनी इथे जपावं. बरेच फोन सेकंदाला किती फ्रेम घ्यायच्या ते प्रकाशानुसार बदलत राहतात. लॅपटॉपवर ते जाणवत नाही, पण डीसीपी बनवल्यावर ओठ आणि आवाज यांची फारकत होत जाते. दहाव्या मिनिटाला माणूस बोलून गप्प झालेला असतो आणि आवाज नंतर येतो. एडिटला बसण्यापूर्वीच सगळे क्लिप एका ठरावीक फ्रेम रेटला आणा आणि तयार डीसीपी एकदा तरी थिएटरमध्ये लावून बघा.

विमानाचं तिकीट कोण देणार? निवडपत्रात स्पष्ट लिहिलं नसेल तर तुम्हीच, असं धरून चाला. छोटे महोत्सव फार तर राहायची सोय करतात.

आता तुमचा अर्ज

भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियात पोहोचल्यावर व्हिसा मिळतो, आणि तोच ऑनलाइन आधीही काढता येतो. ऑनलाइनच काढा, देनपसारच्या विमानतळावरची एक रांग वाचते. शुल्क ५,००,००० रुपिया. आकडा पाहून दचकू नका, आपले अडीच-पावणेतीन हजार रुपये होतात. मुक्काम ३० दिवसांचा, एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतो. उतरलेला दिवस पहिला म्हणून मोजतात. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दंड दिवसाला १०,००,००० रुपिया आहे.

लागणारे कागद मोजकेच आहेत: पोहोचल्याच्या दिवसापासून किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, फोटो आणि परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट. निमंत्रणपत्र सक्तीचं नाही, पण छापील प्रत जवळ असू द्या. अर्ज इंडोनेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवरच करा. सरकारी पत्ता 'गो डॉट आयडी'ने संपतो. नेटवर शोधलं की वर जाहिरात म्हणून येणाऱ्या साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

याशिवाय दोन गोष्टी आहेत. बालीत येणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला १,५०,००० रुपिया कर आहे, म्हणजे आपले आठशेच्या आसपास. १४ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू आहे, लहान मुलांनाही. 'लव्ह बाली'च्या अधिकृत साइटवर भरून क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा. दुसरं म्हणजे 'ऑल इंडोनेशिया' हा आगमनाचा ऑनलाइन फॉर्म. तो पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो आणि फुकट आहे.

हा व्हिसा महोत्सव बघायला आणि कार्यशाळेत शिकायला जाणाऱ्यासाठी ठीक आहे. तिथे मानधन घेऊन शिकवणार असाल किंवा व्यावसायिक चित्रीकरण करणार असाल तर वेगळा व्हिसा लागतो, आयोजकांशी आधीच बोला. 'फक्त दोन शॉट घेतो' म्हणून ट्रायपॉड काढणारे आपल्यात खूप आहेत.

मिनिकिनोची 'बेगादांग' नावाची फिल्मनिर्मिती स्पर्धा आहे. शब्दाचा अर्थ रात्र जागवणं. ३४ तासांत फिल्म करून द्यायची. कार्यशाळांची नोंदणी फिल्मच्या अर्जापासून वेगळी असते, जागा थोड्या असतात, म्हणून वेळापत्रक जाहीर होईल त्या दिवशीच नाव द्या. फिल्म निवडली गेली नसेल तरी कार्यशाळांसाठी जायला काहीच हरकत नाही. उलट मी तर म्हणेन, पहिल्यांदा प्रेक्षक म्हणूनच जा.

महागडा कॅमेरा किंवा लेन्स घेऊन निघणार असाल तर मुंबई विमानतळावर चेक-इनच्या आधी कस्टम्सच्या टेबलावरून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. वस्तूचा सीरियल नंबर आणि खरेदीचं बिल दाखवावं लागतं, शिवाय वस्तू समोर ठेवायची असते, म्हणून ती बॅगेच्या तळाशी भरू नका. हे सर्टिफिकेट नसेल तर परत येताना कॅमेरा आपलाच, भारतातूनच नेलेला, हे सिद्ध करत बसावं लागतं. ते पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा.