कोपऱ्यावरचा इराणी : एका जुन्या ठिकाणाची पार्श्वभूमी

मुंबईच्या जुन्या वस्तीत वाढलेल्या कोणालाही आपला रस्ता आठवायला सांगितला, तर वाणी, गिरण आणि दूधवाला यांच्या आधी तो बहुधा कोपऱ्यावरच्या इराण्याचे, म्हणजे इराणमधून आलेल्या माणसाने चालवलेल्या चहाच्या हॉटेलाचे, नाव घेतो. संगमरवरी टेबल, ब्रून-मस्का (कडक पाव आणि लोणी) आणि पानी कम चहा यांच्या आठवणीत रमताना हा इराणी जणू शहराबरोबरच जन्मला असावा असे वाटू लागते. प्रत्यक्षात तो एका ठरावीक काळात आणि बऱ्याच रोखठोक कारणांनी तिथे येऊन बसला होता, आणि ती कारणे सरली तसा तो उठूनही गेला.

हे इराणी धर्माने बहुतांशी झरतुष्ट्री असले, तरी त्यांची गणना पारशांत करणे बरोबर नाही. पारशांचे पूर्वज हजाराहून अधिक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले; इराणमधल्या यझ्द आणि करमान या भागांतले हे लोक मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी आले. इराणमध्ये काजार राजवटीत त्यांच्यावर जिझिया, म्हणजे बिगरमुसलमानांवरचा कर, होता. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातारिया यांना तिकडे पाठवले आणि त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ साली तो कर रद्द झाला. पण कर गेला म्हणून दारिद्र्य आणि छळ लगेच थांबत नाहीत, आणि १८७१च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने आधीच अनेकांचे पाय गावातून उखडले होते. यझ्दमधून काही शिया मुसलमानही याच वाटेने आले व याच धंद्यात पडले, हे आठवणींच्या लेखांत सहसा निसटते.

त्या काळात बाहेर चहा पिणे ही साधी गोष्ट नव्हती. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या एका समारंभात पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. ‘पुणे वैभव’ पत्राने उपस्थितांची नावे छापली, त्यावरून ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताची वेळ आली. एका कपासाठी एवढे रामायण घडलेल्या समाजात, पुढच्या दोन-तीन दशकांतच मराठी कारकून, गिरणीकामगार आणि विद्यार्थी इराण्याच्या हातचा चहा बिनदिक्कत पिऊ लागले. खानावळी आणि उपाहारगृहे आपली जात पाटीवर मिरवत असताना इराण्याच्या दारात कोणी कोणाची जात विचारत नसे. यामागे समाजसुधारणेची तळमळ होती असे मानायला आधार नाही. तो परका होता, त्याला गिऱ्हाईक हवे होते आणि इथल्या विटाळाच्या हिशेबाशी त्याला कर्तव्य नव्हते. तरीही शेजारी कोण बसले आहे हे न विचारता बसण्याची सवय मुंबईकराला लागली, तिचे मोठे श्रेय या धंदेवाईक बेफिकिरीला द्यावे लागते.

कोपराच का, या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते : हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली. यात तथ्य असेलही. पण एवढ्यावर भागत नाही. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या. जिथे नवे रस्ते तिथे नवे नाके, आणि नेमक्या याच वर्षांत इराणी जागा शोधत होते. दोन रस्त्यांकडे तोंड म्हणजे दोन्ही बाजूंनी उजेड, वारा आणि गिऱ्हाईक. चहाच्या दुकानाला याहून चांगली जागा कोणती? धोबी तलावाजवळ कयानी १९०४ साली, ग्रँट रोड स्थानकासमोर मेरवान १९१४ साली, बॅलार्ड इस्टेटमध्ये ब्रिटानिया १९२३ साली उघडले. पुण्यात डेक्कनला गुडलक १९३५चे. तिथल्या चौकाला लोक आजही त्याच नावाने ओळखतात.

आतला कारभार बारकाईने पाहण्याजोगा होता. दाराशी उंच गल्ला, त्यावर शेट, मागे बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. एका अंगाला अंडी, पाव, लोणी, साबण आणि दाढीची पाती विकणारा छोटा भांडारवजा भाग. टेबलावर खारी, केक, नानकटाई यांची बशी न मागता येई आणि खाल्ले तेवढ्याचाच हिशेब होई. उठताना पोऱ्या लांबूनच आकडा ओरडून सांगे, गल्ल्यावर तेवढेच पैसे घेतले जात. कागदाचा संबंध नसे. भिंतीवरच्या सूचना मात्र कडक असत, कारण एका चहावर तास-तास बसणाऱ्यांना आवरणे ही या धंद्याची कायमची डोकेदुखी होती. जागा स्वस्त आणि घरची माणसे राबणारी, म्हणूनच ते बसणे परवडत होते.

भोवतालही तसाच होता. १९०७पासून विजेवर धावणारी ट्रॅम, पाळीवरून सुटणारे कामगार, कॉलेजे, नाटकगृहे आणि १९३८ साली उघडलेल्या मेट्रोसारखी चित्रपटगृहे इराण्याला दिवसभर माणसे पुरवत. गिरगावच्या चाळीत दोन खोल्यांत दहा माणसे राहत असताना मित्राशी बोलायला दिवाणखाना कुठून येणार? तो नाक्यावर होता. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्रॅम धावली, १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावले आणि चाळकरी उपनगरांत पांगले. उडुप्यांनी झटपट इडली-डोशाबरोबर झटपट उठण्याची शिस्त आणली. दारूबंदीचे नियम सैल झाले तेव्हा काही इराण्यांनी पाटी बदलून बिअर ठेवली. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, तेव्हा इराण्याला त्याचा आधारच मिळाला होता. पण पुढे त्याच जागेचा भाव चहाच्या उत्पन्नाच्या कैक पटींनी चढला. भागीदारांच्या तिसऱ्या पिढीतली निम्मी मुले परदेशी असताना ती विकण्याचा मोह आवरणे कठीण होते.

जे टिकले, त्यांच्यात स्वतःची भट्टी असलेले अधिक दिसतात. घरी नेला जाणारा पाव आणि मावा केक यांना खुर्ची लागत नाही. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणण्याचा आदेश दिला. हवेच्या दृष्टीने तो योग्यच म्हणायला हवा. मात्र लाकडावर भाजलेल्या ब्रूनच्या कडक पापुद्र्यावर ज्यांचे गिऱ्हाईक टिकून होते, त्या बेकऱ्यांना भट्टी बदलण्याचा खर्च आणि चव राखण्याची चिंता दोन्ही एकदम अंगावर आली.